२८ इंच हवा

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या १८८० नंतरच्या एखाद्या भाड्याच्या इमारतीचा नकाशा समोर धरला, तर तो व्यायामशाळेतल्या डंबेलसारखा दिसतो. रस्त्याकडची बाजू रुंद, मागच्या आवाराकडची बाजू रुंद आणि मधली कंबर दोन्हीकडून चिमटलेली. हा चिमटा प्रत्येक बाजूला साधारण २८ इंचांचा. शेजारच्या इमारतीनेही तेवढाच काढलेला असे. दोन्ही मिळून ५६ इंच रुंद, ५० ते ६० फूट लांब आणि पाच-सहा मजले खोल अशी एक फट तयार होई. मुंबईकर तिला डक्ट म्हणतील. तिथे तिचे नाव एअरशाफ्ट. कायद्याच्या लेखी ती हवा-उजेडाची सोय होती.

त्या काळातल्या अमेरिकी शहरांविषयी लिहायला बसलेला माणूस सहसा बंदरापासून सुरुवात करतो: बोट, पुतळा, बाहेरून आलेल्यांची तपासणी होई त्या एलिस आयलंडवरची रांग. मला ही फट जास्त बोलकी वाटते. बोटीतून उतरलेला माणूस एलिस आयलंडवर काही तास असे. फटीच्या काठावर तो दहा-दहा वर्षे काढी.

फट का पडली, हे कळायला १८११ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मॅनहॅटन बेटावर रस्त्यांची चौकट आखली गेली आणि पुढे चौकोनांचे तुकडे पडले ते २५ फूट रुंद व १०० फूट खोल अशा प्लॉटचे. एका कुटुंबाच्या घराला हा प्लॉट छान. पुढे घर, मागे परसू. पण त्याच पट्टीवर वीस-बावीस बिऱ्हाडे बसवायची म्हटली, की भूमितीच आडवी येते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती. उजेड येणार फक्त २५ फुटी पुढून आणि २५ फुटी मागून. मधल्या ८०-९० फुटांचे काय?

सुरुवातीला उत्तर सोपे होते: काहीच नाही. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग एक खोल्या, पहिलीला आणि शेवटचीला खिडकी, बाकीच्या अंधारात. त्यांना नावही ‘रेलरोड फ्लॅट’ असेच पडले. १८६७ मध्ये शहराचा पहिला टेनमेंट कायदा आला. तीनपेक्षा जास्त कुटुंबे जिथे स्वतंत्र चूल मांडून राहतात ते टेनमेंट, अशी व्याख्या त्यात केली गेली. आगीत बाहेर पडायला लोखंडी शिड्या हव्यात आणि दर वीस माणसांमागे निदान एक संडास हवा, हेही त्यात आले. दोनच वर्षांनी आरोग्य मंडळाने आतल्या अंधाऱ्या खोल्यांना ४६ हजारांहून अधिक खिडक्या पाडायचा हुकूम काढला. त्या खिडक्या उघडत शेजारच्या खोलीत नाहीतर बोळात. हवा थोडीफार हलली असेल. उजेडाचे मात्र देणेघेणे नव्हते, कारण बोळातही अंधारच.

मग १८७८ च्या डिसेंबरात प्लंबिंगच्या धंद्यातल्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. प्लॉट २५ बाय १००. इमारत अशी काढा की राहणाऱ्याला सुरक्षित व सोयीची आणि पैसा घालणाऱ्याला किफायतशीर. बक्षिसांची रक्कम ५०० डॉलर. पहिले बक्षीस पटकावले जेम्स वेअर या वास्तुकाराने, डंबेलच्या आराखड्यावर. १८७९ मध्येच नवा कायदा झाला: झोपायच्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी आणि इमारतीने प्लॉटची ६५ टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, या प्रश्नाला वेअरची फट हे तयार उत्तर होते. कायदा पाळला गेला आणि खोली अंधारीच राहिली. सुधारणेचा हेतू खोटा नव्हता. स्पर्धेच्या अटींतच ‘किफायतशीर’ हा शब्द बसला होता आणि पुढची वीस वर्षे त्या एका शब्दाने बाकीचे सगळे खाल्ले.

थोडा हिशेब मांडून बघू. प्लॉट २५०० चौरस फूट. मागे दहा फूट आवार सोडले, म्हणजे २५० चौरस फूट. दोन बाजूंच्या फटी ५० फूट लांबीच्या धरल्या, तर प्रत्येकी जेमतेम ११७ चौरस फूट. सगळी मोकळी जागा मिळून ४८४. म्हणजे बांधकाम ८० टक्क्यांच्या वर. मग ६५ टक्क्यांचे काय झाले? कायद्याने आरोग्य मंडळाला सूट देण्याचा अधिकार ठेवला होता आणि मंडळ तो सढळ हाताने वापरी. एफएसआयच्या सवलती नि त्यामागचे अर्ज ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आत गेले की तीन फुटांचा बोळ आणि मध्यावर जिना. प्रत्येक मजल्यावर १४ खोल्या, चार बिऱ्हाडे: पुढे चार-चार खोल्यांची दोन, मागे तीन-तीन खोल्यांची दोन. जिन्यासमोर मजल्यापुरते दोन संडास. सगळ्यात मोठी खोली साडेदहा बाय अकरा फूट. झोपायच्या खोल्या सात बाय साडेआठच्या आसपास. खाट टाकली की दार अर्धेच उघडायचे. चौदांपैकी थेट रस्त्यावर किंवा आवारात उघडणाऱ्या खोल्या चार. उरलेल्या दहा फटीवर जगत.

आणि फट काम करत नसे. याचे कारण साधे आहे. हवा वर चढायची तर खालून आत यायला वाट हवी. धुराड्याला तळाशी भोक असते म्हणून ते ओढते. ही फट तळाशी बंद. वरून उघडी, बाजूंनी भिंती, खाली कोंडलेली हवा. तिथे झाडायला कोणी उतरत नसे, बऱ्याचदा उतरायची वाटच नसे. चौथ्या मजल्यावरून कचरा आवारापर्यंत न्यायचा म्हणजे चार जिने उतरून चार चढायचे. त्यापेक्षा खिडकी जवळ. तळाशी जे साचे ते उन्हाळ्यात कुजे आणि वास वर येई. मग खालच्या मजल्यांवरची माणसे खिडकी बंद करून घेत. ज्या खिडकीसाठी कायदा झाला ती खिळे मारून बंद, असा प्रकार. उजेड फक्त सर्वांत वरच्या एक-दोन मजल्यांना मिळे. तिसऱ्या मजल्याखाली दिवसाही गॅस नाहीतर रॉकेलचा दिवा. शिवाय पाच फुटांच्या आत समोर परक्याची खिडकी: त्याचे भांडण, त्याचा खोकला, त्याच्या तान्ह्याचे रडणे, सगळे आपल्या खोलीत.

आग लागली की तीच फट धुराडे होई. तळघरात पुष्कळदा बेकरी असे, कढईत उकळती चरबी. ती पेटली की ज्वाळा फटीत शिरे आणि एकाच वेळी दोन इमारतींच्या समोरासमोरच्या खिडक्यांत घुसे. जिना लाकडी, तोही मध्यावर. दर्शनी भिंतीवरच्या लोखंडी शिड्या खऱ्या, पण त्यांच्यावर गाद्या, बरण्या, कुंड्या आणि उन्हाळ्यात झोपलेली मुले. १८९६ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत न्यूयॉर्कमध्ये सुमारे १३०० माणसे दगावली. त्यांत गच्चीवर झोपलेले आणि झोपेत कूस बदलताना खाली पडलेलेही होते.

एवढे असताना माणसे तिथे राहत का होती? ‘गरिबी’ हे उत्तर खरे असूनही अर्धेच आहे. आधी आलेले आयरिश आणि जर्मन लोक १८८० नंतर उत्तरेकडे सरकू लागले. १८८१ मध्ये रशियात झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला, ज्यूंवर हल्ले सुरू झाले, पुढच्या वर्षी त्यांच्यावर नवे निर्बंध आले आणि तिथून निघालेली कुटुंबे या गल्ल्यांत उतरली. दक्षिण इटलीतले शेतमजूर मलबेरी स्ट्रीटच्या आसपास. १८८१ ते १८९० या दहा वर्षांत अमेरिकेत ५२ लाखांहून अधिक माणसे आली. बंदर शहराच्या टोकाला, गोद्या आणि कारखाने त्याच टोकाला, आणि रोजंदारीचे काम सकाळी उभे राहून मिळवायचे. लांब राहायला जावे तर उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचे भाडे एका खेपेला ५ सेंट. जाऊन-येऊन १०. महिन्याचे २६ दिवस धरले तर माणशी २ डॉलर ६० सेंट आणि घरात कमावते तिघे असले तर पावणेआठ डॉलर. तेवढ्यात आणखी एक खोली परवडली असती. त्या खोलीच्या लोभानेच माणूस कामाच्या जवळ चिकटून राही आणि सगळेच चिकटल्यामुळे खोलीचा भाव वाढत जाई.

तो भाव एकट्याने पेलत नाही म्हणून पोटभाडेकरू. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात आईबाप, चार मुले आणि वर दोन ‘बोर्डर’, हे सर्रास. बोर्डर बहुधा गावचाच असे. रात्री स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर फळी टाकून त्याचा बिछाना, पहाटे तो उचलला की तीच जागा कामाची. गिरणगावातल्या खाणावळी आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार ज्यांनी पाहिले-वाचले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. मालक बहुधा इमारतीत फिरकत नसे. तो अख्खी इमारत मक्त्याने देई. मक्तेदार ठरलेली रक्कम मालकाला भरी आणि वरचे स्वतःला ठेवी. नळ गळला तर मालक म्हणे मक्तेदाराला विचारा आणि मक्तेदार म्हणे इमारत माझी आहे का! बांधणारे बिल्डरही काही सगळे जुने श्रीमंत नव्हते. वीस वर्षांपूर्वी स्वतः बोटीने आलेले जर्मन आणि पुढे पूर्व युरोपातले ज्यू यांनी कर्ज काढून यांतल्या कितीतरी इमारती उठवल्या. दर्शनी भागावर भाजल्या मातीचे मुखवटे, माथ्यावर पत्र्याची नक्षीदार झालर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, आत काय थाट असेल.

घर आणि कारखाना यांतली रेघ पुसली ती शिवणकामाने. ठेकेदार कापलेले कापड उचलून आणी. एक मशीनवर, एक कच्ची टीप घालणारा, एक हातशिलाई पुरी करणारा, शिवाय दोन-तीन टोळ्यांना मिळून एक इस्त्रीवाला आणि धागे कापणारी मुलगी. मजुरी दिवसावर, पण दिवस संपणार ठरलेले नग झाले की. भाव पडला तर मजुरी तीच राही, नग वाढत. इस्त्रीसाठी कोळशाची शेगडी बारा महिने पेटती, जुलैतसुद्धा, त्याच फटीवर उघडणाऱ्या खोलीशेजारी. चिरूट वळण्याचे कामही घराघरांत चाले. त्यावर १८८४ मध्ये बंदी आली आणि १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. माणसाला त्याच्या घरातून, त्याच्या धंद्यातून हुसकण्याचा सरकारला हक्क नाही, असे त्यामागचे तर्कट होते. तंबाखूच्या धुळीत झोपणाऱ्या पोरांचा हक्क त्या निकालात कुठे बसत नव्हता.

१८९४ मध्ये रिचर्ड गिल्डर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या सगळ्याची मोजदाद केली. तिच्या आकड्यांत आपल्याला ओळखीचे एक नाव भेटते. युरोपातला सर्वांत दाट वस्तीचा तुकडा म्हणून समितीने प्रागमधले योसेफश्टाट घेतले: एकरी ४८५ माणसे. न्यूयॉर्कचा दहावा वॉर्ड निघाला ६२६ वर. युरोपात जोड मिळेना, म्हणून समिती मुंबईला आली आणि १८८१ च्या जनगणनेतून तिने कुंभारवाडा उचलला: ४६ एकर, एकरी सुमारे ७६०. दाटीचा शेवटचा शब्द म्हणजे मुंबई, अशी तिची समजूत दिसते. पण अकराव्या वॉर्डातल्या ३२ एकरांच्या एका तुकड्याने कुंभारवाड्यालाही मागे टाकले. एकरी ९८६. रस्ते धरूनसुद्धा माणशी ४४ चौरस फूट जमीन. दोन खाटा मांडून थोडी उरेल इतकी. त्याच समितीने तपासलेल्या घरांतल्या २,५५,०३३ माणसांपैकी घरात न्हाणीघर होते ३०६ जणांना.

मुंबईचा संबंध इथे संपत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि खोलीत उजेड यायला किती मोकळी जागा लागते, याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्याने धरला. सोप्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. ६० फूट उंच इमारतीला ३० फूट. न्यूयॉर्कची फट होती चार फूट आठ इंच. आपल्याकडच्या चाळींतही पाठीला पाठ लावलेल्या अंधाऱ्या खोल्या भरपूर होत्या आणि ट्रस्टने पाडले त्यापेक्षा कमी बांधले, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही. पण चाळीच्या गॅलरीने एक केले: दार उघडले की माणूस निदान बाहेर येई. डंबेलमध्ये दार उघडले की बोळ.

गर्दी झाली म्हणून असली घरे आपोआप उगवतात, असे मात्र समजू नये. फिलाडेल्फियाही तेव्हा कारखान्यांचे आणि परदेशी मजुरांचे शहर होते, पण तिथे अरुंद, दुमजली, एका कुटुंबाच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पसरायला जमीन होती आणि हप्त्याने घर घेऊन देणाऱ्या बचतसंस्था होत्या. शिकागो तर १८८० च्या पाच लाखांवरून १८९० मध्ये अकरा लाखांवर गेले (यात आजूबाजूची गावे शहराला जोडल्याचाही वाटा आहे) आणि तिथली दाटी लाकडी, बुटक्या, पुढचे घर मागे सरकवून समोर दुसरे उठवलेल्या घरांची. दुखणी त्यांचीही होतीच. पण दोन नद्यांमधले चिंचोळे बेट, २५ फुटी प्लॉट आणि किफायतीची अट हे तिन्ही एकत्र आले ते न्यूयॉर्कमध्ये.

१९०० च्या फेब्रुवारीत लॉरेन्स व्हेलर या तरुणाने चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्या वतीने एक प्रदर्शन भरवले. मध्यभागी क्रिस्टी, फॉर्सिथ, कॅनाल आणि बेयार्ड या चार रस्त्यांमधल्या एका खऱ्या चौकोनाची पुठ्ठ्याची प्रतिकृती. ३९ इमारती, ६०५ बिऱ्हाडे, २७८१ माणसे, त्यांत पाच वर्षांखालची मुले ४६६. संडास २६४. न्हाणीघर एकही नाही. गरम पाण्याचा नळ ४० बिऱ्हाडांना. बाहेरची हवा अजिबात न लागणाऱ्या खोल्या ४४१ आणि फक्त फटीवर अवलंबून असलेल्या ६३५. गेल्या पाच वर्षांत क्षयाचे ३२ नोंदलेले रुग्ण. वर्षाचे भाडे १,१३,९६४ डॉलर. जेकब रीस या डॅनिश वार्ताहराच्या छायाचित्रांनी बारा वर्षांपूर्वी लोकांना हळहळायला लावले होते. व्हेलरने आकडे मांडून हळहळीला पळवाट ठेवली नाही. भाड्याच्या रकमेला बिऱ्हाडांनी भागा, वर्षाला १८८ डॉलर येतात. एवढे पैसे देऊन माणूस काय विकत घेतो, हे पुठ्ठ्यात दिसत होते.

१९०१ चा कायदा त्यातून आला. प्लॉटचा ७० टक्क्यांहून अधिक भाग झाकायचा नाही. फटीच्या जागी १२ फूट रुंद, २४ फूट लांब चौक, आणि त्याच्या तळाशी बाहेरून हवा ओढणारी आडवी वाट. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास. आवारातले स्कूल सिंक काढायचे. हा प्रकार म्हणजे विटांची लांब कुंडी, वर फळ्यांच्या बैठका, पाण्याने भरून ठेवायची आणि कधीतरी बूच उपसून सगळे गटारात सोडायचे. ते कधीतरी रोज असावे अशी अपेक्षा. ते काम ज्या बाईला भाड्यात सूट देऊन नेमलेले असे तिच्यावर सारी भिस्त. तपासणीसाठी वेगळे खाते निघाले, १ जानेवारी १९०२ पासून. या वेळी नियमाला सूट देण्याचा अधिकार कोणाला ठेवला नाही, हे मला चौकापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

२५ फुटी प्लॉटवर आता इमारत परवडेना. बिल्डर दोन प्लॉट जोडून घेऊ लागले, बांधकाम हार्लेम, ब्राँक्स, ब्राउन्सव्हिलकडे सरकले, आणि नव्या घरांचे भाडे ज्यांना झेपले ते तिकडे गेले. जुन्या इमारती होत्या तिथेच राहिल्या. तेव्हा शहरात ८० हजारांहून अधिक टेनमेंट होती आणि त्यांत सुमारे २३ लाख माणसे. एवढे पाडणार कोण? जुन्यांसाठी कायद्याने डागडुजी सांगितली: दोन बिऱ्हाडांमागे एक संडास, बोळात दिवा, आणि ज्या खोलीला बाहेरची खिडकी देताच येत नाही तिच्या आतल्या भिंतीत तीन बाय पाच फुटांची खिडकी.

ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ नंबरच्या इमारतीत, जिथे आज संग्रहालय आहे, ती खिडकी बघायला मिळते. इमारत १८६३ ची. १९३५ पर्यंत तिच्यात सुमारे ७००० माणसे राहून गेली. चौकट, काचा, वरखाली सरकणारी झडप, सगळे रीतसर. पुढच्या खोलीत रस्त्याचा उजेड येतो, त्यातला काही या काचेतून स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढे झोपायच्या खोलीत जेवढा उरेल तेवढा.